शंखातल्या खेकड्याचा संच : ८०० रुपयांत काय मिळते

मार्चच्या अखेरीस, नातीच्या वाढदिवसासाठी, मी कोल्हापुरातल्या मत्स्यालयाच्या एका दुकानातून ‘हर्मिट क्रॅब संच’ या नावाने मिळणारा खोका ८०० रुपयांना विकत घेतला. दुकानाचे नाव येथे देत नाही, कारण हाच खोका, हेच चित्र आणि हेच माहितीपत्रक शहरातल्या आणखी दोन दुकानांत मी नंतर पाहिले. माल एकाच घाऊक व्यापाऱ्याकडून येत असावा, त्यामुळे हे परीक्षण दुकानापेक्षा त्या खोक्याचे अधिक आहे. खोक्यात तारेच्या जाळीचा एक लहान पिंजरा, त्याच्या तळाशी पसरायला रंगीत खडे, स्पंजाचा तुकडा, खाद्याची पुडी, पाच रिकामे शंख, एक छापील पान आणि अर्थातच दोन जिवंत खेकडे होते. मी एकतीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले आणि माझी पदवी प्राणिशास्त्राची आहे, त्यामुळे नात खेकड्यांकडे पाहत असताना मी ते छापील पान उत्तरपत्रिकेसारखे तपासायला घेतले, हे आधीच कबूल करतो. संच घरी येऊन आता साडेतीन महिने झाले आहेत.

प्रथम प्राण्यांविषयी, कारण खोक्यातली खरी मोलाची वस्तू तीच आहे. मराठीत कोणी याला संन्यासी खेकडा म्हणतात, किनाऱ्यावरची मुले सरळ शंखातला खेकडा म्हणतात. संन्यासी हे नाव मला पटत नाही; हा प्राणी कळपाने राहतो आणि त्याचे सगळे लक्ष शेजाऱ्याच्या घरावर असते. संचातले दोन्ही खेकडे सीनोबायटा या प्रजातीतले, म्हणजे जमिनीवर राहणारे होते. ओळख पटायला फार कष्ट पडले नाहीत : डाव्या बाजूची नांगी उजवीपेक्षा ठळकपणे मोठी, डोळ्यांचे देठ दोन्ही बाजूंनी चपटे, आणि पुढच्या शृंगिकांची, म्हणजे डोक्यावरच्या मिशांची, जोडी कोपरात वाकवल्यासारखी. दोघेही चपळ होते आणि त्यांच्या शंखांना कुजका वास नव्हता. दुकानदाराने ते निवडून देताना घाई केली नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवतो.

छापील पानाची गोष्ट वेगळी. त्यात आठ ओळी आहेत आणि त्यांतल्या पाच चुकीच्या आहेत. पहिली ओळ सांगते की हा ‘खेकड्याचाच एक प्रकार’ आहे. बोलीभाषेत हे चालून जाईल, पण ज्याने एकदा तरी पावसाळ्यात शेतातले काळे खेकडे रश्श्यासाठी साफ केले आहेत त्याला हातातल्या हातात फरक दाखवता येतो. साफ करताना आपण खेकडा उलटा करतो आणि पोटाखालची झडप उचकटतो. ती अरुंद आणि निमुळती असेल तर नर, रुंद असेल तर मादी. ती झडप म्हणजे खेकड्याचे उदर, म्हणजेच कोळंबीच्या शरीराचा जो भाग आपण सोलून खातो तोच भाग, आखूड आणि चपटा होऊन छातीखाली दुमडलेला. खरे खेकडे या ठेवणीचे असतात आणि त्यांच्या गटाचे ब्रॅकियुरा हे नावच मुळी आखूड शेपटीवरून पडले आहे. शंखातल्या खेकड्याचे उदर दुमडलेले नसते. ते लांब, मऊ, बिनकवचाचे आणि एका बाजूला पीळ दिलेले असते, आणि म्हणूनच त्याला दुसऱ्याच्या घराची गरज पडते. त्याचा गट अनोम्युरा, म्हणजे वेगळ्याच धाटणीच्या शेपटीचे. कोळंबी, शेवंड, खरे खेकडे आणि हे शंखवासी असे सगळे मिळून दशपाद गण होतो, तो कवचधारी प्राण्यांत मोडतो आणि कवचधारी हे संधिपाद संघातले.

पाय मोजले तरी हा भेद दिसतो. ताटातल्या खेकड्याच्या नांग्या सोडल्या तर चालायच्या पायांच्या चार जोड्या सहज मोजता येतात. नातीला मी पिंजऱ्यातल्या खेकड्याचे पाय मोजायला सांगितले तेव्हा तिला नांग्यांशिवाय दोनच जोड्या दिसल्या आणि तिने तो अपंग असल्याचे जाहीर केले. उरलेल्या दोन जोड्या असतात, पण त्या अगदी लहान आणि खरबरीत असतात आणि शंखाच्या आतल्या भिंतीला टेकू देऊन शरीर जागेवर धरण्याचे काम करतात. शेवटची जोडी क्लोमांची, म्हणजे श्वासाच्या कल्ल्यांची, सफाईही करते. दशपाद हे नाव खरेच आहे, फक्त दहांतले चार पाय घरकामाला ठेवलेले आहेत.

या अनोम्युरा गटाविषयी थोडे विषयांतर करतो, कारण पानावरच्या ‘याचे नातेवाईक’ या ओळीत छापणाऱ्याने शेवंड आणि ‘घोड्याच्या नालेसारखा खेकडा’ अशी दोन नावे दिली आहेत. त्यांतला दुसरा तर कवचधारीच नव्हे. तो कोळ्या-विंचवांच्या बाजूचा प्राणी आहे, त्याला शृंगिकाच नसतात आणि कवचधाऱ्यांना शृंगिकांच्या दोन जोड्या असतात, एवढी एक खूण पुरेशी आहे. खरे सख्खे नातेवाईक आपल्या फार जवळ आहेत. कोकणच्या किनाऱ्यावर लाट ओसरताना पायांखाली वाळूत उलट्या दिशेने झरकन घुसणारा अंडाकृती, बोटाच्या पेराएवढा प्राणी, ज्याला मोल क्रॅब म्हणतात, तो अनोम्युरा आहे. दगडांखाली सापडणारे चपटे पोर्सेलीन खेकडे, जे हुबेहूब खेकड्यासारखे दिसतात पण ज्यांच्या चालत्या पायांच्या तीनच जोड्या मोजता येतात, तेही याच गटातले. आणि थंड समुद्रात सापडणारा, मोठ्या हॉटेलांत मिरवला जाणारा किंग क्रॅब हा तर शंखवासी पूर्वजांपासूनच उपजलेला आहे : त्याने शंख सोडला, उदर पुन्हा छातीखाली दुमडले आणि कवच जाड केले, पण किंग क्रॅबच्या मादीचे उदर आजही एकीकडे वाकडे असते. वेगवेगळ्या वंशांनी अशा रीतीने खेकड्याचा आकार पुन्हा पुन्हा धारण करण्याला कार्सिनायझेशन हा शब्द एल. ए. बोरॅडेल या प्राणिशास्त्रज्ञाने १९१६ मध्ये दिला. नारळावर चढणारा बर्गस लॅट्रो, जमिनीवरचा सर्वांत मोठा संधिपाद, आपल्या संचातल्या खेकड्यांच्या कुलातलाच आहे. तो लहानपणी शंख वापरतो आणि मोठेपणी टाकून देतो. भारतात तो अंदमान-निकोबारमध्ये आढळतो आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिले आहे.

पानाची तिसरी ओळ मात्र मला पेचात टाकून गेली. तिथे या प्राण्याला ‘समुद्री किडा’ म्हटले आहे. सवयीने मी त्याखाली तांबडी रेघ ओढली आणि मग ती अर्धी खोडावी लागली. सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनीअसने १७५८ मध्ये खेकड्यांना कीटकांच्याच वर्गात बसवले होते. पुढे दीडदोनशे वर्षे अभ्यासकांनी त्यांना वेगळे काढण्यात घालवली. आणि गेल्या काही दशकांतल्या जनुकीय अभ्यासांनी दाखवले की कीटक हे कवचधाऱ्यांच्या वंशवृक्षावरचीच एक फांदी आहेत. किनाऱ्यालगतच्या बुडालेल्या गुहांत राहणारे रेमिपीड नावाचे आंधळे कवचधारी हे कीटकांचे सर्वांत जवळचे आप्त ठरतात. म्हणजे शंखातला खेकडा किडा नाही, पण झुरळ हे एका अर्थाने जमिनीवर आलेले कवचधारी आहे. छापणाऱ्याला हे अभिप्रेत नव्हते याची मला खात्री आहे, तरी अर्धा गुण दिला.

शंखांकडे वळतो. आठपैकी सर्वांत हानिकारक ओळ ही, की ‘खेकडा वाढतो तसा त्याचा शंखही वाढतो’. शंख खेकड्याचा नसतोच. तो मेलेल्या गोगलगायीच्या जातीतल्या प्राण्याचा, म्हणजे मृदुकायाचा असतो आणि त्याचा मालक मेल्यावर तो कणभरही वाढत नाही. उलट काळानुसार झिजतो. खेकडा वाढला की त्याला मोठे घर शोधावे लागते आणि ते मिळाले नाही तर त्याची वाढच मंदावते. ज्या ग्राहकाने ती ओळ खरी मानली तो कधीच जास्तीचे शंख ठेवणार नाही, आणि संचातले पाच शंख म्हणजे त्याला शोभेची वस्तू वाटतील.

ते बनवलेही शोभेसाठीच आहेत. पाचांपैकी तिघांवर तैलरंग होता : एक भगवा, एक फुटबॉलसारखा, एक चांदीच्या चमकीचा. चमकी नखाने खरवडली तेव्हा सहज निघाली. हे खेकडे शंखाचा पृष्ठभाग कुरतडतात, त्यामुळे तो रंग त्यांच्या पोटात जाणार. शिवाय तिन्ही रंगीत शंखांची तोंडे दोन्ही खेकड्यांच्या मानाने लहान होती. शंख निवडताना खेकडा फार चोखंदळ असतो : तो शंख उलटासुलटा करतो, नांगी आणि पाय आत घालून पोकळी चाचपतो, तोंडाचा आकार, वजन आणि आतली जागा पाहतो आणि मगच एका झटक्यात उदर उपसून नव्या घरात घालतो. बहुतेक समुद्री शंख उजवीकडे वळणारे असतात आणि खेकड्याच्या उदराचा पीळही त्याला जुळणारा असतो. शेपटीच्या टोकाशी असलेला डावा उपांग मोठा आणि आकड्यासारखा असून तो शंखाच्या मधल्या खांबाला अडकतो. ही पकड अशी असते की खेचून काढू पाहिले तर प्राणी तुटतो पण सुटत नाही. मुलांना हे पहिल्या दिवशी सांगावे.

घर चांगले की वाईट याची खेकड्याला केवढी चाड असते हे बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या रॉबर्ट एलवुड आणि मिर्यम आपेल यांच्या २००९ मधल्या प्रयोगातून दिसले. शंखात बसलेल्या समुद्री खेकड्यांना त्यांनी विजेचे सौम्य धक्के दिले, तेव्हा नावडत्या जातीच्या शंखातले खेकडे लवकर बाहेर पडले आणि आवडत्या शंखातल्यांनी जास्त सहन केले. नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असती तर शंखाच्या पसंतीने फरक पडायला नको होता. अशा कामांच्या आधारावरच ब्रिटनने २०२२ च्या प्राणिकल्याण कायद्यात दशपादांना वेदना जाणवणाऱ्या प्राण्यांत धरले.

शंखाची ही सवय जुनी आहे. इंग्लंडमध्ये क्रिटेशियस काळातला एक शंखवासी खेकडा अॅमोनाइट या आता नामशेष झालेल्या समुद्री मृदुकायाच्या कवचात बसलेल्या स्थितीतच जीवाश्म झालेला मिळाला; त्याचे वर्णन २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. अॅमोनाइट संपले, भाडेकरू गोगलगायींच्या घरी गेले.

उरलेले दोन शंख नैसर्गिक होते आणि त्यांतल्या एकावर शिंपल्याच्या चुऱ्यासारखा एक पांढरा, ज्वालामुखीच्या आकाराचा खडा चिकटलेला होता. नातीला तो घाण वाटली. ते बार्नॅकलचे रिकामे कवच होते, आणि मला संपूर्ण खोक्यातली हीच वस्तू सर्वांत आवडली. बार्नॅकल आयुष्यभर एका जागी सिमेंट केल्यासारखे बसून राहते, त्यामुळे जुने प्राणिशास्त्रज्ञ त्याला शिंपल्यांत घालत. १८३० मध्ये जॉन व्हॉन थॉम्पसनने त्याच्या पोहणाऱ्या अळ्या पाहिल्या आणि तो कवचधारी असल्याचे दाखवून दिले. पुढे डार्विनने याच प्राण्यांवर आठ वर्षे खर्च केली. म्हणजे मृदुकायाच्या घरात एक कवचधारी राहायला येणार होता आणि त्याच्या छपरावर दुसरा कवचधारी आधीच राहून गेला होता.

पिंजरा ही संचातली सर्वांत वाईट वस्तू आहे आणि येथे मला माझे नुकसानही सांगावे लागेल. दोन खेकड्यांपैकी लहान खेकडा सहाव्या दिवशी मेला. जमिनीवर राहत असले तरी हे प्राणी क्लोमांनीच श्वास घेतात. क्लोम आकाराने कमी झालेले असतात, त्यांच्यावरची पोकळी दमट ठेवावी लागते आणि त्यासाठी खेकडा शंखातच थोडे पाणी बाळगतो. हवा कोरडी झाली की तो गुदमरतो, पण हे घडायला दिवस लागतात आणि बाहेरून तो फक्त ‘शांत’ दिसतो. मेलेला खेकडा घेऊन दुकानात गेलो तेव्हा काउंटरवरचा तरुण म्हणाला, “सर, ह्यास्नी काय लागत नाही बघा. चिमूटभर खाऊ टाकला, स्पंज भिजवला की झालं. हा आधीच कमजोर असणार.” त्याने विनातक्रार दुसरा खेकडा देऊ केला. मी खेकडा नाकारला आणि त्या किमतीचा आर्द्रतामापक मागितला. तो त्याने लगेच दिला. त्या दुपारी जाळीच्या पिंजऱ्यात आर्द्रता ३८ टक्के होती. या प्राण्यांना ७५ ते ८० टक्के लागते. मालवणला किंवा रत्नागिरीला जाळीचा पिंजरा कदाचित निभावून जाईल; घाटावर, एप्रिलच्या दुपारी, पंख्याखाली, तो सुकवणीचा ट्रे आहे. दुसऱ्याच दिवशी दोन फुटी काचेची टाकी आणि वर काचेचे झाकण करून घेतले. त्याला १,४०० रुपये पडले, म्हणजे मूळ संचाच्या जवळजवळ दुप्पट. जुलैत कोल्हापूरची हवाच इतकी दमट होते की झाकण थोडे सरकवून ठेवावे लागते.

पाण्याविषयी छापील पान ‘रोज स्वच्छ पाणी द्या’ एवढेच म्हणते. नळाच्या पाण्यातले क्लोरीन क्लोमांना बाधते, म्हणून मत्स्यालयात वापरतात ते क्लोरीन काढणारे द्रावण घालावे. या खेकड्यांना दोन उथळ ताटल्या लागतात, एक गोड्या पाण्याची आणि एक खाऱ्या पाण्याची. शंखातल्या पाण्याचा खारटपणा ते दोन्हींतून घेऊन स्वतः जुळवतात. खारे पाणी स्वयंपाकघरातल्या मिठाने करू नये, कारण समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडशिवाय मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असते. मत्स्यालयाचे समुद्री मीठ लिटरला सुमारे ३५ ग्रॅम पडते. ते याच दुकानात मिळते, पण संच विकताना कोणी सांगत नाही. आपल्याकडच्या घरांसाठी एक सूचना मला महत्त्वाची वाटते : तांब्याच्या कळशीतले पाणी यांना देऊ नका. तांबे कवचधाऱ्यांना विषारी आहे. गंमत अशी की त्यांच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या हीमोसायनीन या द्रव्यात तांबेच असते आणि त्यामुळेच ते रक्त निळसर दिसते. शरीराने मोजूनमापून घेतलेले तांबे आणि पाण्यात उतरलेले तांबे यांत फरक पडतो.

खाद्याची पुडी बरी आहे, आम्ही ती महिन्याने बंद केली. ओले खोबरे, पिकलेली केळी, उकडलेले अंडे कवचासकट आणि धुऊन मीठ काढलेला सुका जवळा त्यांना जास्त आवडतो. जवळाही कवचधारीच, त्यामुळे ही एक प्रकारची भाऊबंदकी आहे. कॅल्शियमसाठी काष्ठौषधींच्या दुकानातून समुद्रफेस आणून ठेवावा.

आता कात टाकण्याविषयी, कारण या एका गोष्टीच्या अज्ञानामुळे घराघरांतले किती जिवंत खेकडे कचऱ्यात जात असतील याचा विचार मी टाळतो. कवचधाऱ्याचे कवच कायटिन आणि चुन्याचे असते, ते ताणत नाही; वाढायचे तर ते फोडून बाहेर यावे लागते. सीनोबायटा हे काम ओल्या वाळूत स्वतःला पुरून घेऊन, अंधारात करतो. आधी तो शंखात पाणी साठवतो, जुने कवच सोडतो, नव्या मऊ कवचात फुगतो, ते कडक होईपर्यंत हलत नाही आणि जुने कवच खाऊन त्यातला चुना परत मिळवतो. लहान खेकड्याला काही आठवडे, मोठ्याला दोन महिने किंवा अधिक लागू शकतात. तुटलेले पायही याच काळात पुन्हा उगवतात. संचातल्या खड्यांचा थर दोन सेंटिमीटर होता, त्यात खेकडा काय, त्याची नांगीही पुरली जाणार नाही. टाकीत आम्ही धुतलेली बारीक वाळू पंधरा सेंटिमीटर घातली, वाळूचा किल्ला उभा राहील इतकी ओली.

चोविसाव्या दिवशी उरलेला खेकडा दिसेनासा झाला. नात रडली. दुकानात फोन केला तेव्हा सल्ला मिळाला, “उकरून बघा सर, मेला असंल तर बदलून देतो.” हा सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला होता, पण त्या अवस्थेत उकरणे म्हणजे त्याला मारणे. मेलेल्या खेकड्याला सडक्या मासळीचा वास येतो आणि तो लपत नाही. वास नसेल तर थांबावे. आम्ही थांबलो. एकेचाळीस दिवसांनी, सकाळी, ताटलीजवळ तो बसला होता, रंगाने फिका आणि पायांची टोके गडद, चकचकीत.

दरम्यान गल्लीतल्या एका कुटुंबाने त्यांच्याकडच्या अशाच संचातला नकोसा झालेला एक लहान खेकडा आम्हाला आणून दिला, शंखावर फुटबॉल रंगवलेला. आमच्या दिवाणखान्यात वर्षानुवर्षे धूळ खात पडलेले टर्बो जातीचे दोन शंख मी उकळून, गार करून टाकीत ठेवले होते. कात टाकून आलेल्या मोठ्या खेकड्याने तिसऱ्या रात्री त्यांतला एक तपासला, पाऊण तास घोळ घातला आणि आत शिरला. त्याचा जुना शंख रिकामा पडला. पंधरा मिनिटांच्या आत लहान खेकडा फुटबॉल सोडून त्यात गेला. किनाऱ्यावर हेच मोठ्या प्रमाणावर चालते : एक मोठा शंख सापडला की खेकडे त्याच्याभोवती जमतात, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत रांग लागते आणि पहिला हलला की सगळी रांग एकेक घर पुढे सरकते. समाजशास्त्रज्ञ आयव्हन चेस यांनी १९८० च्या दशकात या साखळीचा अभ्यास केला तो माणसांच्या घरबदलांवरून सुचून. बिल्डरशिवाय चालणारी ही पुनर्विकास योजना पाहायला नात रात्री साडेअकरापर्यंत जागी होती, आणि ८०० रुपयांतले वसूल झाले असतील तर ते त्या रात्री.

हे वाचून कोणी कोकणातून पोतेभर शंख आणण्याचा बेत करू नये. किनाऱ्यावरचा रिकामा शंख तिथल्या खेकड्यांसाठी शिल्लक असलेले घर असते, आणि काही मोठ्या समुद्री शंखांना १९७२ च्या कायद्याचे संरक्षणही आहे. शंखांऐवजी पडलेल्या प्लॅस्टिकचे काय होते तेही नोंद झाले आहे : हिंदी महासागरातली कोकोस बेटे आणि पॅसिफिकमधले हेंडरसन बेट येथे केलेल्या पाहणीत बाटल्या-डब्यांत शिरून अडकलेल्या शंखवासी खेकड्यांचा अंदाज सुमारे ५ लाख ७० हजार निघाला. मेलेल्या खेकड्याचा गंध इतरांना ‘घर रिकामे झाले’ असा निरोप देतो, त्यामुळे एकामागून एक त्याच बाटलीत जातात.

शेवटची चूक छापील पानाची आणि दुकानाचीही. ‘फार्ममध्ये वाढवलेले’ असे खोक्यावर लिहिले आहे. यावर माझा विश्वास नाही. जमिनीवरच्या या खेकड्याची मादी अंडी उदरावर, शंखाच्या आत सांभाळते, पण ती सोडायला तिला समुद्राच्या काठाशी जावे लागते. अंड्यांतून निघालेल्या झोइया अळ्या कित्येक दिवस प्लवकांत, म्हणजे पाण्याबरोबर वाहणाऱ्या सूक्ष्म जीवांत, तरंगतात, अनेकदा कात टाकतात, मग खेकड्याचे रूप धरू लागलेले पिल्लू तळाशी येऊन तांदळाएवढा शंख शोधते आणि जमिनीवर चढते. घरात किंवा कारखान्यात हे सगळे टप्पे पार पाडणे अतिशय अवघड असून फार थोड्या लोकांना जमले आहे. बाजारातले जवळजवळ सगळे प्राणी किनाऱ्यावरून पकडलेले असतात. याउलट गगनबावड्याच्या ओढ्यातला किंवा पंचगंगेकाठच्या शेतातला आपला खेकडा समुद्राचे तोंडही पाहत नाही. त्याची अळी-अवस्था अंड्याच्या आतच उरकते आणि मादीच्या झडपेखाली थेट मसुराएवढे, पूर्ण तयार खेकडे दिसतात. पावसाळ्यात बाजारात अशी भरलेली मादी दिसली तर ती उलटी करून मुलांना दाखवावी आणि परत ओढ्यात सोडायला सांगावी. विकणारा हसेल, पण सोडेल.

दर्जाचे गुण द्यायचे तर प्राणी ज्या स्थितीत मिळाले त्याला पाचपैकी चार, दुकानाच्या वागणुकीला साडेतीन, पिंजऱ्याला शून्य, रंगीत शंखांना शून्य, नैसर्गिक शंखांना तीन आणि छापील पानाला, तो अर्धा गुण धरून, दीड. नवा संच मी कोणाला सुचवणार नाही. पण ज्यांच्या घरी तो आधीच आला आहे त्यांनी काचेची टाकी, पंधरा सेंटिमीटर ओली वाळू, दोन ताटल्या आणि तोंड मोठे असलेले न रंगवलेले पाच-सहा शंख एवढे जरूर करावे. हे प्राणी नीट सांभाळले तर वीस-तीस वर्षे जगू शकतात, म्हणजे आज दुसरीत असलेल्या मुलीच्या लग्नातही ते टाकीत असू शकतील. समुद्री मीठ, आर्द्रतामापक आणि क्लोरीन काढणारे द्रावण याच दुकानात वाजवी भावात मिळते. काचेची टाकी तिथे महाग आहे, ती काचकाम करणाऱ्याकडून बनवून घ्यावी. वाळू ते ठेवत नाहीत. दुकान सोमवारी बंद असते.